अंघोळ न घातलेली माणसं

"बाळासाहेब, मुडद्यांचा पिच्चर हाय का तुझ्याकडं?"

हनीफचाचांनी हे मला भर दुपारी, दुकानात चार गिऱ्हाईकं उभी असताना विचारलं. एक बाई मोबाईलची काच बदलून घ्यायला आल्या होत्या, त्या दोन पावलं मागं सरकल्या. मी म्हटलं, "चाचा, हळू बोला की जरा. भुतांचा म्हणायचंय का तुम्हाला?"

"भुतांचा न्हाई. भुताला अंग नसतं. मला अंगासकट पायजेत. मेलेली, पन हिंडतीफिरती. आमच्या अस्लमच्या कंपनीतली पोरं बघत्यात म्हनं."

"झोंबी म्हणतात त्याला."

"काय आसंल ते. तीन-चार दे. चांगले भ्या वाटनारे दे."

तेव्हा लोक अजून मेमरी कार्डात पिच्चर भरून न्यायचे. केडगावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून चाचांचं गादीघर. त्यांच्या पिंजायच्या मशिनचा कापूस उडून माझ्या उघड्या मोबाईलमध्ये जाऊन बसायचा आणि त्यावरून आमची आठवड्यातून एकदा तरी वाजायचीच. मी तोंडाचा फटकळ, ते माझ्याहून फटकळ. मी शटर आपटायचो, ते हातातलं दाभण गादीत असं खुपसायचे की जणू खाली मीच आडवा पडलोय. तासाभरानं स्वतःच चहा पाठवायचे, आणि तोही बिनसाखरेचा, कारण मला शुगर आहे हे माझ्या बायकोपेक्षा त्यांच्या जास्त लक्षात असायचं.

बुटका, रुंद माणूस. दाढीतलं पांढरं किती आणि कापूस किती, ते कळायचं नाही. कुणीही समोर आलं की आधी नजरेनं मापायचे. "पाच फूट सात," असं पुटपुटायचे आणि मग 'या बसा' म्हणायचे. हे माप गादीसाठी की दुसऱ्या कशासाठी, ते विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

कारण गाद्या भरणं हा त्यांचा धंदा, पण माणसं त्यांना ओळखायची ती वेगळ्याच कामासाठी. त्यांच्या जमातीत कुणी पुरुष वारला की मयताला अंघोळ घालायला हनीफचाचांना निरोप यायचा. गुस्ल म्हणतात त्याला. या कामाचं ते काही घ्यायचे नाहीत, त्या घरचा चहासुद्धा नाही. निरोप आला की सुईतला दोरा तसाच सोडून उठायचे. गादी अर्धवट, गिऱ्हाईक बोंबलतंय, चाचा गेलेले. परत आले की कोपरापर्यंत हात धुवून पुन्हा तिथूनच टाका घालायचे. कुणाच्या अंगावर काय दिसलं, कोण कसा गेला, तोंडातून चकार शब्द नाही. एकदा विहिरीतून पाच दिवसांनी काढलेला माणूस त्यांनी एकट्यानं धुतला. घरचे नाकाला फडकी लावून रस्त्यापलीकडं उभे होते. मी खोदून विचारलं तर म्हणाले, "लोकं तुझ्याकडं मोबाईल देत्यात, त्यातलं तू गावाला दावत फिरतो का?" खरं सांगायचं तर दोन-चार वेळा मी दाखवलेलं होतं.

आता हा असला माणूस मुडद्यांचे पिच्चर कशाला मागत होता? तर पोरासाठी.

अस्लम त्यांचा एकुलता एक. चाची तो शाळेत असतानाच गेल्या. पोरगं सुप्याला एमआयडीसीत कामाला, अंगानं दांडगं, पुणे रोडनं मोटरसायकल अशी पळवायचं की बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. पण मेलेल्या माणसाला भ्यायचं. त्यालाही कारण होतं. सोळा-सतरा वर्षांचा असताना चाचांनी त्याला पाणी ओतायला म्हणून सोबत नेलं. मयताला कुशीवर वळवताना कधी कधी छातीत अडकलेली हवा तोंडावाटे बाहेर येते आणि कण्हल्यासारखा आवाज होतो. चाचांना हे ठाऊक होतं, पोराला आधी सांगायचं मात्र राहून गेलं. तो आवाज झाला आणि अस्लम हातातला तांब्या टाकून जो पळाला तो थेट घरी. त्यानंतर कुणाकडं मयत झाली असली तर तो त्या गल्लीतूनसुद्धा जायचा नाही.

आणि चाचांना तर आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्यांनी त्यांच्या अब्बांना धुतलं होतं, अब्बांनी दादांना, म्हणजे आजोबांना. "मी गेलो की मला अस्लमनं अंघोळ घालावी. दुसरं कुनी नगं. पोरानं एकदा बापाच्या तोंडावरनं हात फिरवावा, बास. आनखी काय मागतोय मी?" हसत सांगायचे, पण आठवड्यातून दोनदा सांगायचे.

म्हणून ही शक्कल. दबून दगड झालेला कापूस पुन्हापुन्हा पिंजला की मोकळा होतो. तसंच पोराला पुन्हापुन्हा भिववलं की भीती आपोआप मोकळी होईल, असं त्यांनी डोक्यात घेतलं. घरीच मुडदे बघून बघून पोरगं कंटाळलं पाहिजे! गादी भरणाऱ्याशिवाय जगात कुणाला ही युक्ती सुचली नसती. 'असलं काही करू नका' म्हणायचं सोडून मी मजा बघायला स्वतः तिथं जाऊन बसलो.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर गादीघर बंद असायचं आणि अस्लमची सुट्टीही त्याच दिवशी. नव्या गाद्यांच्या थप्पीला टेकून आम्ही तिघं, समोर माझा लॅपटॉप. पिच्चर इंग्रजी होता पण त्यात बोलणं कमीच. शहर ओसाड पडलेलं. मेलेले उठतात, जित्यांना चावतात, ज्याला चावले तो मरतो, मेलेला तोही उठतो. अस्लम पंधराव्या मिनिटाला उशीच्या मागं गेला. चाचा चष्मा लावून पुढं वाकून बघत होते. एकदम म्हणाले, "थांबव."

मी थांबवलं. पडद्यावर एक मुडदा जबडा लोंबवून उभा.

"बघ. त्याचा जबडा बांधला न्हाई."

"काय?"

"जीव गेला की पैलं काय करायचं? डोळे मिटायचे. मग हनवटीखालनं पट्टी घालून डोक्यावर गाठ मारायची, न्हाईतर तोंड वासलेलं ऱ्हातं. मग पायाचे अंगठे एकाला एक बांधायचे. तुमच्यात बी बांधत्यात ना?"

"बांधतात."

"मग? जबडा बांधला आसता तर चावला कशानं? अंगठे बांधले आसते तर चालला कसा?" चाचा आता खरोखर चिडले होते. "येवढं मोठं शहर. गोळ्या घालायला हजार मानूस. आन येक बी बाप्या आसा निघाला न्हाई की ज्यानं जवळ जाऊन येक गाठ मारावी, दोन तांबे पानी घालावं. आसं टाकून दिल्यावर उठंल न्हाईतर काय करंल रे मानूस?"

मी पोट धरधरून हसलो. उशीमागून अस्लमही हसला. मला वाटलं, जमलं की म्हाताऱ्याचं! दुसऱ्या दिवशी कळलं की पोरगं दिवा लावून झोपलं आणि झोपेत दोनदा ओरडलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

अस्लम पुन्हा कधी त्या गाद्यांवर बसला नाही. पण चाचांना मात्र नाद लागला. दर शुक्रवारी मेमरी कार्ड पुढं यायचं. "मुडद्यांचा दे." मी म्हणायचो, चाचा, दुसरं काहीतरी बघा, गाणी बघा, मारामारी बघा. नाही. कामावरच्या माणसानं दुसऱ्याचं काम तपासावं तसे ते झोंबी तपासायचे. हा ताजा आहे, ह्याला चार दिवस झालेत, ह्याचा रंग चुकीचा दिलाय, असा रंग येतच नाही. मी त्यांच्याबरोबर बसून किती पिच्चर पाहिले देव जाणे. त्यातल्या मुडद्यांची भीती माझी केव्हाच संपली होती, पण चाचांचं बोलणं ऐकून वेगळीच भीती वाटायला लागली.

ते म्हणायचे, "मुडदं काय करतं? हळू चालतं. त्याला ना बोलता येतं, ना पळता येतं. दुकानं फोडतंय कोन? जितं. गाडी पळवून नेतंय कोन? जितं. आत जागा आसून दुसऱ्याला आत घेत न्हाई, ते कोन? जितंच की. आन नाव मुडद्याचं!"

असल्या प्रत्येक पिच्चरमध्ये एक जण तरी असा असतोच, की ज्याचं माणूस मरून उठलेलं असतं आणि दाराबाहेर उभं असतं. बाकीचे ओरडतात, उघडू नको, ती आता तुझी आई नाही. तो उघडतो, आणि अर्थातच मरतो. अशा वेळी मी शिवी हासडायचो. "काय येडं आहे राव! दिसतंय ना समोर?"

"येडा तू," चाचा म्हणायचे. "सगळ्या पिच्चरमधी तेवढं येकटंच मानसात हाय."

"अहो, ती आई राहिली नाही आता."

"कुनी सांगितलं तुला? मेल्यावर किती येळानं आई आई ऱ्हात न्हाई? येक तास? दोन तास? मी चाळीस वर्सं मयत धुतोय बाळासाहेब. माझ्या हाताखाली आलेला दर मानूस कुनाचा तरी बाप हुता. धुऊन झाल्यावर बी बापच हुता."

मी पिच्चर पुढं चालू केला.

गल्लीच्या टोकाला बेकरीवाले इस्माईलभाई राहायचे. चाची गेल्यावर लहानग्या अस्लमला मांडीवर घेऊन ते नानकटाई खाऊ घालायचे. ते वारले तेव्हा चाचांनी पोराला पुन्हा एकदा विचारलं. "हात लावू नको. नुसतं पानी ओत. मी हाय ना." अस्लम आला. खरंच आला. मी बाहेर बाकीच्या लोकांत बसलो होतो. अंगणात चार चादरी बांधून आडोसा केलेला, आतून बोरीचा पाला घालून तापवलेल्या पाण्याचा वास येत होता. अस्लम चादरीपर्यंत गेला. चादरीला हात लावला आणि तिथंच उभा राहिला.

आतून चाचांचा आवाज आला. "पानी दे, बेटा."

तो हलला नाही.

"अस्लम, पानी."

तिसरी हाक आलीच नाही. चाचांनी स्वतः उठून बादली ओढून घेतली, तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग मोटरसायकल सुरू झाली, तोही ऐकला.

संध्याकाळी गादीघरात बापलेकाची जुंपली. भिंत एकच, मला सगळं ऐकू येत होतं. न ऐकायला मी कुठला साधू?

"तुमी धुता म्हनून मी बी धुवायचं का? जमातीत दुसरी लोकं न्हाईत का?"

"हायेत."

"मग?"

"ती तुझा बाप न्हाईत. मी हाय."

"मला न्हाई जमत अब्बा. मला भ्या वाटतं."

मग चाचांचा आवाज, अगदी बारीक. "माझं बी भ्या वाटंल तुला?"

अस्लम काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा माझ्या स्टुलावर येऊन बसले. मशीन बंद होतं. म्हणाले, "गप बसला रे. न्हाई म्हन्ला आसता तर खोटं का हुईना, बरं वाटलं आसतं." आणि तो चाळीस वर्षं मुडदे धुतलेला माणूस, माझ्या दुकानात, चार्जरच्या डब्यांमध्ये बसून रडला. मला त्या पोराचा असा राग आला की वाटलं, जावं आणि दोन कानफटात द्याव्यात. पण देऊन काय झालं असतं? भीती काय कानाखाली असते का?

मग कोरोना आला.

पहिल्या लाटेत आमच्या गल्लीत एका घरात पेशंट सापडला आणि गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे ठोकले. चाचा पत्र्याच्या अलीकडं कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "हे बघितलंय आपुन," म्हणाले, "पिच्चरच्या पैल्या अर्ध्या तासात." मी हसलो. तेव्हा अजून हसू येत होतं. दुसऱ्या लाटेत हसू गेलं. रोज कुणी ना कुणी. ज्याच्याशी परवा बोललो त्याच्या फोटोला मोबाईलवर हार.

मयताची पिशवी उघडायची नाही, असा नियम होता. अंघोळ नाही, चेहरा नाही, काही नाही. पहिल्या दिवशी चाचा सवयीनं बादली, तांब्या, कापूर घेऊन गेले आणि तसेच परत आले. भरलेली कापराची पुडी त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवली आणि नुसते बघत राहिले. मशिदीतल्या हाफिजसाहेबांनी त्यांना सांगितलं होतं की पाणी घालता येत नसेल तर मातीनं करतात, तयम्मुम म्हणतात, ते पिशवीवरून करा. दुसऱ्या दिवसापासून चाचा ते करायला कब्रस्तानात जाऊ लागले. जमातीतले बाकीचे मागं सरले होते. कुणाला नावं ठेवू? मीही सरलो होतो.

रिक्षा बंद आणि पायी जाणाऱ्याला पोलीस अडवायचे, म्हणून त्यांनी माझी ओम्नी मागितली. मी गाडी दिली, चालवायलाही गेलो, पण कसा? त्यांना मागच्या सीटवर बसवायचं, सगळ्या काचा खाली, मी तोंडावर दोन मास्क लावून पुढं. माझ्या घरचा कप त्यांना दिला तर तो परत घेतला नाही, कचऱ्यात टाकला. त्यांनी पाहिलं. आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

कब्रस्तानात मी गाडीतून कधी उतरलो नाही. काचेतून बघत बसायचो. कामगार पिशवी खड्ड्याजवळ ठेवून बाजूला व्हायचे. चाचा गुडघ्यावर बसायचे. दोन्ही तळवे मातीवर मारायचे, झटकायचे, आणि पिशवीवरून, जिथं तोंड असेल तिथं, हळूच फिरवायचे. परत मातीवर मारायचे, मग हातांवरून, कोपरापर्यंत. करताना पुटपुटत असायचे. मला वाटायचं दुवा म्हणतायत. एकदा परतताना विचारलं तर म्हणाले, "दुवा हाफिजसाहेब म्हन्त्यात. मी म्हन्तो, बाबा, पानी न्हाई देता आलं, राग धरू नको. उठू नको."

मी गाडी चालवत राहिलो. केडगावात शिरलो तेव्हा दोन्ही बाजूची सगळी दारं बंद होती आणि प्रत्येक खिडकीच्या फटीत डोळे होते.

"बघ," चाचा मागून म्हणाले. "मुडदी बिचारी गप पडल्यात पिशवीत. आन जिती बघ कशी करत्यात."

अस्लमनं खूप आकांत केला. "अब्बा, तुमी मरनार आन मला बी मारनार!" रस्त्यावर उभं राहून ओरडला. चाचांनी वाद घातला नाही, अंथरूण उचललं आणि गादीघरात राहायला आले. अस्लम रोज दुपारी डबा आणायचा, पायरीवर ठेवायचा आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहायचा. चाचा डबा उचलून आत नेईपर्यंत तो तिथं असायचा. एवढं मात्र त्यानं चुकवलं नाही.

खोकला मला आधी कळला. भिंत एकच ना. दोन दिवस मी ऐकत होतो आणि स्वतःला सांगत होतो, कापूस गेला असेल घशात. तिसऱ्या दिवशी दुपारी ॲम्ब्युलन्स आली.

ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी थांबली. चाचांना पन्नास पावलं चालत जायचं होतं. धरायला कुणी नव्हतं. मी माझ्या शटरच्या आत, शटर अर्धं खाली. ते निघाले. एक पाय ओढत, भिंतीला हात लावत, तोंड उघडं, कारण दम पुरत नव्हता. वरच्या खिडक्यांतून पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. चाचांनी वर पाहिलं. थांबले. आणि एकदम दोन्ही हात पुढं पसरले, मान वाकडी केली, जबडा लोंबवला आणि खिडक्यांकडं बघून ओरडले, "आंऽऽऽ!"

धडाधड खिडक्या लागल्या. चाचा हसले. हसता हसता असा ठसका लागला की रस्त्याच्या कडेला बसले. मीही हसत होतो, शटरमागं, आणि माझ्या मास्कमध्ये पाणी जात होतं. ते उठले, माझ्याकडं बघून म्हणाले, "आता चार दिवस कापूस उडनार न्हाई. मोबाईल उघडे ठिवले तरी चालंल."

समोर रस्त्यापलीकडं अस्लम उभा होता, हातात डबा. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

"जवळ येऊ नको!" चाचा ओरडले. "लांबच ऱ्हा. ऐकतो का न्हाई? लांब ऱ्हा."

इतकी वर्षं ज्या पोरानं जवळ यावं म्हणून म्हाताऱ्यानं काय काय केलं, त्यालाच हे सांगायची पाळी आली. आणि पोरगं लांब राहिलं. दार लागलं, गाडी गेली.

आठवडाभरानं अस्लमचा फोन आला. "काका, गाडी काढता का?" एवढंच. मी काढली. तो मुकाट्यानं मागचं दार उघडून बसायला लागला, काच खाली करायला लागला. मी म्हटलं, "पुढं बस." तो बसला.

कब्रस्तानात त्या दिवशी चार खड्डे होते. पांढऱ्या किटमधल्या दोन कामगारांनी चाचांची पिशवी खड्ड्याच्या काठावर ठेवली आणि दुसरी आणायला गाडीकडं गेले. हाफिजसाहेब पार पलीकडच्या टोकाला दुसऱ्या मयतीपाशी उभे होते. त्यांनी तिथूनच हात केला आणि ओरडून सांगितलं, "थांबा, तयम्मुमला मी येतो."

"मी करतो," अस्लम म्हणाला. हाफिजसाहेबांना ते ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मग तो माझ्याकडं वळला. "काका, अब्बा कसं करायचे?"

अरे देवा. चाळीस वर्षं ज्याचा बाप हे काम करत आला, तो पोरगा मला विचारत होता, गाडीच्या काचेतून बघणाऱ्या माणसाला. मी गाडीतून उतरलो. खोटं बोलत नाही, जवळ गेलो नाही, दहा पावलांवर उभा राहिलो.

"गुडघ्यावर बस. दोन्ही हात मातीवर मार."

त्यानं मारले.

"झटक. आता तोंडावरून फिरव."

तो पिशवीवर वाकला आणि त्याचे हात हवेतच थांबले. मला वाटलं, संपलं. आता हा उठणार आणि पळणार. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको रे, आज नको.

"काका," तो म्हणाला, "तोंड कुठल्या बाजूला हाय?"

मला कुठं माहीत होतं? पिशवी दोन्हीकडून सारखीच, दोन्ही टोकांना सारखीच चिकटपट्टी, मध्ये नावाची चिठ्ठी. विचारायचं तर कामगार लांब गेलेले.

"चाचपून बघ," मी म्हणालो.

अस्लमनं जवळच्या टोकावर हात ठेवला. दाबलं. पुन्हा दाबलं.

"हे पाय हायेत."

मग त्यानं हात उचलला नाही. तसाच वर वर नेला. नडगी, गुडघा, मांडी. ऊन मी म्हणत होतं आणि प्लास्टिक कुरकुरत होतं. पोट. एक हात, मग दुसरा. छातीवर तो थोडा थांबला, मला धसका बसला, पण तो पुढं गेला. गळा. हनुवटी. त्याची बोटं तिथं काहीतरी शोधत राहिली, आंधळ्या माणसाची शोधतात तशी.

"नाक," तो म्हणाला. "काका, नाक सापडलं."

"बरं. आता परत मातीवर हात मार. पहिली माती पुसली गेली असेल."

त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. दोन्ही तळवे त्यानं त्या चेहऱ्यावर ठेवले होते, कपाळावरून खाली, गालांवरून खाली, पुन्हा वर. पलीकडून हाफिजसाहेब निघाले होते. कामगार दुसरी पिशवी घेऊन येत होते.

"अस्लम," मी म्हटलं.

"दाढी लई वाढलीय वो, काका," तो म्हणाला, आणि हाफिजसाहेब अगदी जवळ येऊन उभे राहीपर्यंत त्यानं हात काढले नाहीत.